इजेक्शन झाल्यावर मागे काय उरतं?

प्रश्न असा आहे: "वैमानिक विमानातून इजेक्ट होतो, पंच खेळाडूला मैदानाबाहेर काढतात, सूर्यावर 'मास इजेक्शन' होतं आणि वडिलांच्या टूडी इको रिपोर्टवर 'इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के' असं लिहिलंय. या सगळ्यांत काही समान आहे, की फक्त नाव एक?"

समान आहे, आणि ते लक्षात घेण्यासारखं आहे. माझी सगळी नोकरी लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या खुर्चीची, देखभाल करण्यात गेली, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्या सीटबद्दल असेल. पण त्या कामात एक सवय लागते, ती बाकी सगळीकडे उपयोगी पडते. काहीही जोरात बाहेर फेकलं गेलं की सगळे त्याच्याकडे बघतात. आम्हाला मागे काय राहिलं तेही बघावं लागतं, कारण फेकण्याचा धक्का दोघांनाही बसतो.

आधी सीट.

वैमानिकाच्या दोन मांड्यांच्या मध्ये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं हँडल असतं. काही जुन्या सीटवर ते डोक्यावर असायचं, काहींवर बाजूला. ते ओढल्यापासून पॅराशूट पूर्ण उघडेपर्यंत आधुनिक सीटला कमी उंचीवर दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात बरंच काही ठरलेल्या क्रमाने घडतं. प्रथम खांद्यावरचे पट्टे गॅसच्या दाबाने मागे खेचले जातात, म्हणजे पुढे वाकलेला माणूस पाठीला टेकतो. त्याच सुमारास वरची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, जाते. काही विमानांत ती अख्खी उडवतात, काहींत तिला आतून चिकटवलेली स्फोटक दोरी तिचे तुकडे करते. कॉकपिटच्या काचेवर करड्या रंगाची नागमोडी रेघ दिसते ती हीच. मग सीटमागची गन सुटते. एकात एक बसणाऱ्या नळ्या, तळाशी पहिलं काडतूस, आणि नळी वर सरकेल तशी पेटत जाणारी पुढची काडतुसं. सीट रुळांवरून सुटता सुटता तिच्या बुडाखालची रॉकेट मोटर पेटते. ती सेकंदाचा जेमतेम पाव भाग जळते, पण तेवढ्यात धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातूनही माणसाला पॅराशूट उघडण्याइतकी उंची मिळते. सीट वर जात असताना पोटऱ्यांभोवतीचे पट्टे आपोआप ताणले जाऊन पाय सीटला आवळतात. हे झालं नाही तर बाहेरच्या वाऱ्यात पाय फेकले जाऊन मोडतात. त्यानंतर छोटं ड्रोग पॅराशूट सीट स्थिर करतं, मुख्य पॅराशूट बाहेर येतं, माणूस आणि सीट वेगळे होतात.

उंचावर इजेक्शन झालं तर मुख्य पॅराशूट मुद्दाम उघडू देत नाहीत. हवेचा दाब मोजणारं एक उपकरण ते अडवून ठेवतं, आणि माणूस ड्रोगच्या आधाराने सीटसकट साधारण दहा हजार फुटांपर्यंत खाली येतो. वर ऑक्सिजन नाही, कडाक्याची थंडी आहे आणि विरळ हवेत पॅराशूट उघडण्याचा झटकाही जबर बसतो. म्हणून लवकर खाली आणणं हेच सुरक्षित.

काडतुसं एकदम न पेटता एकामागून एक का पेटतात, याचं उत्तर पाठीच्या कण्यात आहे. माणसाला काही क्षण स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट भार सोसतो, पण तो भार किती झटकन चढतो यावर मणक्याचं भवितव्य ठरतं. ब्रिटिश अभियंता जेम्स मार्टिन यांनी १९४०च्या दशकात हे प्रयोगांतून शोधलं आणि धक्का टप्प्याटप्प्याने देणारी गन बनवली. तरीही मणक्याला चीर जाण्याचं प्रमाण आजही कमी नाही. छाती आणि कंबर जिथे जुळते तिथले मणके सर्वांत आधी दबतात. म्हणून इजेक्शननंतर वैमानिक स्वतःच्या पायांनी चालत आला तरी त्याला आडवं झोपवून पाठीची तपासणी होते.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. इजेक्शन सीटवरची गादी कडक असते आणि ती कडकच असावी लागते. लांबच्या उड्डाणात ती टोचते, म्हणून मऊ उशी घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण उशी मऊ असेल तर गन सुटल्यावर सीट आधी उशी दाबत मोकळी वर येते, वेग पकडते आणि मग खालून माणसावर आदळते. तोच धक्का कितीतरी मोठा होतो. दोन इंचांच्या मऊ फोमने कणा मोडू शकतो. नव्या वैमानिकांना बाकी काही समजावलं नाही तरी हे समजावून सांगावं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

ही सगळी उठाठेव सुरू झाली ती वेगामुळे. जुन्या विमानातून वैमानिक हातापायांच्या बळावर बाहेर पडत असे. वेग वाढला तशी हवाच त्याला आत दाबून ठेवू लागली, आणि बाहेर पडलाच तर शेपटीवर आदळू लागला. १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मन वैमानिक हेल्मुट शेंक बर्फाने नियंत्रण गोठलेल्या हाइन्केल विमानातून दाबलेल्या हवेच्या सीटने बाहेर पडला. संकटात सीटने सुटका झाल्याचा हा पहिला प्रसंग. जेम्स मार्टिन यांचे भागीदार कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर त्याच वर्षी चाचणी उड्डाणात मरण पावले, आणि त्यानंतर वैमानिकाचा जीव वाचवणं हा मार्टिन यांचा ध्यास झाला. २४ जुलै १९४६ रोजी त्यांच्या कारखान्यातले फिटर बर्नार्ड लिंच यांनी उडत्या मिटिअर विमानातून स्वतःवर पहिली चाचणी करून घेतली. वैमानिक नव्हे, फिटर. आमच्या व्यवसायातली ही गोष्ट मला अजूनही अभिमानाची वाटते. मार्टिन-बेकरच्या सीटनी आजवर साडेसात हजारांहून जास्त माणसं वाचवली आहेत.

मग इतकी चांगली सीट असूनही वैमानिक का दगावतात? बहुतेक वेळा उशिरामुळे. विमान मिनिटाला दहा हजार फूट या दराने खाली येत असेल तर दोन सेकंदांत सव्वातीनशे फूट गेले. सीटला मुळात वरच्या दिशेने जो वेग मिळतो, तो विमानाच्या घसरणीशी भांडण्यात संपतो. सीट काम करते, पण जमीन आधी येते. म्हणून अनेक लढाऊ विमानांच्या पुस्तिकेत सरळ आकडा दिलेला असतो: दहा हजार फुटांखाली नियंत्रण सुटलेलं असेल तर विमान सोडा. हा निर्णय जमिनीवर, शांतपणे, आधीच घेऊन ठेवायचा असतो. हवेत तो घ्यायला वेळ मिळत नाही. वैमानिक का थांबतात हेही मला कळतं. खाली वस्ती असते, हातातलं विमान वाचेल अशी आशा असते. मागे काय उरेल हा विचार त्यांना धरून ठेवतो.

आणि मागे जे उरतं ते कधी कधी विश्वास बसणार नाही असं वागतं. २ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेत मोंटानाच्या आकाशात एफ-१०६ विमान सपाट गिरकीत सापडलं. वैमानिक गॅरी फाउस्ट यांनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी हँडल ओढलं. सीट सुटली आणि विमान गिरकीतून बाहेर आलं. सीट वर जाताना विमानाला बसलेला खालचा धक्का आणि पुढच्या भागातलं कमी झालेलं वजन यांनी नाक खाली गेलं असं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं. पॅराशूटला लटकलेल्या फाउस्टच्या डोळ्यांदेखत ते रिकामं विमान सरळ झालं आणि बर्फाने झाकलेल्या शेतात पोटावर उतरलं. इंधन संपेपर्यंत इंजिन चालूच होतं. दुरुस्तीनंतर ते पुन्हा सेवेत आलं आणि आता डेटनच्या वायुसेना संग्रहालयात ठेवलेलं आहे.

याची दुसरी बाजू फार वाईट आहे. ४ जुलै १९८९ रोजी पोलंडमधून उडालेल्या सोव्हिएत मिग-२३च्या वैमानिकाला इंजिन गेलं असं वाटलं. उंची अगदी कमी होती, त्याने इजेक्ट केलं, आणि त्या उंचीवर त्याने केलं ते बरोबरच होतं. पण इंजिन पूर्ण बंद पडलेलं नव्हतं. रिकामं विमान वर चढलं आणि सुमारे ९०० किलोमीटर उडत राहिलं. अमेरिकी एफ-१५ विमानं त्याच्या बाजूला जाऊन उडू लागली तेव्हा कॉकपिटमध्ये कुणीच नव्हतं. इंधन संपल्यावर ते बेल्जियममध्ये एका घरावर पडलं आणि आत असलेला एक तरुण गेला. प्रशिक्षणात या दोन्ही घटना एकत्र सांगायला हव्यात, फक्त पहिली सांगून चालत नाही.

तिसरी घटना फ्रान्समधली, मार्च २०१९. राफालच्या मागच्या सीटवर ६४ वर्षांचे एक पाहुणे होते, लढाऊ विमानात पहिल्यांदाच बसलेले. उड्डाणानंतर विमान एकदम सपाट केलं तेव्हा ते पट्ट्यांत वर उचलले गेले आणि आधारासाठी हाताला आलं ते पकडलं. ते इजेक्शन हँडल होतं. पट्टे नीट आवळलेले नव्हते, हेल्मेटही निघून गेलं, तरी ते वाचले. व्यवस्थेप्रमाणे त्यांच्यामागोमाग पुढची सीटही सुटायला हवी होती. ती सुटली नाही. वैमानिक उघड्या कॉकपिटमध्ये, कधीही सुटू शकेल अशा सीटवर बसून विमान परत घेऊन आला. उत्सुकतेपोटी प्रवासी म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टे बांधताना लाज न बाळगता "आणखी घट्ट" म्हणायला शिकवलं पाहिजे.

देखभालीबद्दल एवढंच सांगतो. विमान जमिनीवर असताना सीटमध्ये लाल फडके लावलेल्या सेफ्टी पिना असतात. कॉकपिटमध्ये डोकं घालण्याआधी त्या मोजायच्या, बाहेर आल्यावर पुन्हा मोजायच्या. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या हॉक विमानाची सीट सुटली. पिन होती, पण हँडल जागेवर बसलेलं नसताना ती लावलेली होती, म्हणून ती काही अडवत नव्हती. पुढे पॅराशूटही उघडलं नाही, कारण एका शॅकलचा, म्हणजे जोडकडीचा, बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता आणि जे सुटायचं ते अडकून राहिलं. वैमानिक गेला. सैल बोल्ट धोक्याचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या कामात जास्त आवळलेलाही तितकाच धोक्याचा.

आता सीट सोडून पुढे जाऊ. एफ-१०६ला जो धक्का बसला त्याचाच नियम २६ सप्टेंबर २०२२ रोजी अवकाशात मुद्दाम वापरला गेला. नासाचं डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डायमॉर्फस या सुमारे दीडशे मीटरच्या लघुग्रहावर आदळवलं. डायमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. टकरीनंतर ही फेरी ३३ मिनिटांनी कमी झाली, म्हणजे मोहीम यशस्वी मानण्यासाठी ठरवलेल्या ७३ सेकंदांच्या कितीतरी पट. यान स्वतः तेवढं ढकलू शकलंच नसतं. आदळल्यावर दगडधुळीचा जो लोट मागे उसळला, त्याने लघुग्रहाला उलट दिशेने रेटलं. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे एकूण धक्का यानाच्या स्वतःच्या धक्क्याच्या साडेतीन पटीच्या आसपास होता. पृथ्वीवर येणारा एखादा लघुग्रह कधी वळवायचा झालाच, तर किती माल बाहेर फेकला जाईल हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरेल.

सूर्याचं मास इजेक्शन म्हणजे त्याच्या प्रभामंडळातून, कोरोनातून, सुटलेला प्लाझ्माचा आणि चुंबकीय क्षेत्राचा प्रचंड गोळा. वजन अब्जावधी टन, वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरपासून तीन हजारपर्यंत. पृथ्वीच्या दिशेने आला तर साधारण एक ते तीन दिवसांत पोचतो. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज नऊ तास गेली आणि सुमारे ६० लाख लोक अंधारात राहिले. एवढं फेकूनही सूर्याच्या वस्तुमानात मोजण्यासारखा फरक पडत नाही. पण जिथून ते गेलं तिथे कोरोना काही तास काळवंडलेला दिसतो, आणि त्या काळ्या पट्ट्यावरून किती द्रव्य बाहेर पडलं याचा अंदाज बांधता येतो. मागे राहिलेल्या रिकाम्या जागेवरून गेलेल्याचं माप काढायची ही रीत मला फार आवडते. भारताचं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून ज्या बिंदूवर उभं आहे, तिथून सूर्य अखंड दिसतो. त्यातला कोरोनाग्राफ सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा हा उद्रेकच टिपतो.

खेळाचं मी थोडक्यात सांगतो. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालं की बदली खेळाडू मिळत नाही, संघ दहा जणांचा होतो. बचावपटू बाहेर गेला तर प्रशिक्षक बहुधा एका आघाडीच्या खेळाडूलाच बाहेर बोलावून बचावपटू उतरवतो, म्हणजे शिक्षा एकाची आणि मैदान दुसऱ्यालाही सोडावं लागतं. कार्डं १९७०च्या विश्वचषकात आली. १९६६च्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन बाहेर जायला तयारच होईना, त्या गोंधळातून इंग्लिश पंच केन अ‍ॅस्टन यांना रंगीत कार्डांची कल्पना सुचली. बास्केटबॉल आणि बेसबॉलमध्ये मात्र जागेवर दुसरा येतो, त्यामुळे संघाची संख्या कमी होत नाही. बेसबॉलचे व्यवस्थापक बॉबी कॉक्स दीडशेहून जास्त वेळा बाहेर काढले गेले. आपल्या खेळाडूची बाजू घेऊन पंचांशी भांडताना व्यवस्थापकाने स्वतः बाहेर जाणं तिथे संघासाठी केलेलं काम मानलं जातं. क्रिकेटच्या नियमांतही २०१७ पासून खेळाडूला उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढण्याची तरतूद आहे, पण ती मारहाण किंवा पंचांना मारण्याची धमकी अशा टोकाच्या वागण्यासाठीच. क्षेत्ररक्षक असा बाहेर गेला तर बदली मिळत नाही. माझ्या मते फुटबॉल आणि क्रिकेटची रीत जास्त न्याय्य आहे. मागे राहिलेल्यांना झळ बसते, म्हणून संघ आपल्याच माणसाला वेळेवर आवरतो.

समाजातून माणसाला बाहेर टाकण्याची सर्वांत नियमबद्ध पद्धत प्राचीन अथेन्सची. वर्षातून एकदा नागरिक खापराच्या तुकड्यावर एक नाव खरडत. सहा हजार मतांचा आकडा गाठला गेला की ज्याचं नाव पुढे असेल त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता आणि नागरिकत्व मात्र शाबूत. अ‍ॅरिस्टायडीस या नेत्याला असं घालवलं आणि इराणी सैन्य चाल करून आलं तेव्हा मुदत संपण्याआधीच परत बोलावलं. खापरं मात्र मागे राहिली. अथेन्समधल्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या दुसऱ्या नेत्याचं नाव लिहिलेले सुमारे १९० तुकडे सापडले, आणि अक्षर पाहिल्यावर कळलं की ते मोजक्या चौदाएक हातांनीच लिहिलेत. म्हणजे वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवलेले. कुणाला बाहेर काढायचं हे मतदानाआधी किती ठरलेलं असतं, ते या खापरांवरून दिसतं.

शेवटी वडिलांच्या रिपोर्टबद्दल. मी डॉक्टर नाही, पण वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत हा आकडा नेहमी समोर येतो आणि त्याचा अर्थ नेहमीच चुकीचा लावला जातो. इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के म्हणजे हृदय ५५ टक्केच चालतंय असं नाही. डाव्या कप्प्यात आकुंचनाआधी समजा १२० मिलिलिटर रक्त होतं आणि एका ठोक्याला ७० बाहेर गेलं, तर फ्रॅक्शन ५८ टक्के. उरलेलं ५० मिलिलिटर निरोगी हृदयातही आतच राहतं. कप्पा पूर्ण रिकामा कधीच होत नाही. साधारण ५० ते ७० या टप्प्यात आकडा असेल तर तो सामान्य धरतात, ४० किंवा त्याखाली आला तर पंपाची ताकद कमी झाली असं मानतात.

पण नुसता आकडा फसवू शकतो. कप्पा आखडून ताठ झालेला असेल तर त्यात मुळात ८० मिलिलिटरच मावतं. त्यातलं ४८ बाहेर गेलं तरी फ्रॅक्शन ६० टक्के भरतं, आणि शरीराला मात्र रक्त कमी पडतं. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांचं फ्रॅक्शन असं ठीकठाक असतं. डाव्या कप्प्याच्या तोंडाची मायट्रल झडप गळत असेल तर कप्प्यातून निघालेल्या रक्तातलं काही उलटं मागे जातं, आणि मोजणीत तेही बाहेर गेलेलं धरलं जातं. दोन तपासण्यांत पाचेक टक्क्यांचा फरक तर मोजणाऱ्याच्या हाताने आणि डोळ्यानेही पडतो.

त्यामुळे ५५ वाचून घाबरू नका. जुना इको असेल तर तोही बरोबर न्या. कप्प्याचा आकार, भिंतींची जाडी आणि झडपा यांबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा, आणि वडिलांना जिना चढताना धाप लागते का, रात्री उशा वाढवून झोपावं लागतं का, संध्याकाळी पाय सुजतात का, हे त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.